पिल्लाच्या तोंडावरची खपली

गणपती उठले की पावसाची उघडझाप सुरू होते, पण घरामागची डबकी भरलेलीच असतात. जूनमध्ये खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्ले तोवर दोन महिन्यांची झालेली असतात. घार, मांजर, मुंगूस यांच्या तावडीतून वाचलेली ही पिल्ले आता कुठे अंगाने भरू लागलेली असतात. अशातच एके दिवशी सकाळी डालगे उचलल्यावर एखाद्या पिल्लाच्या चोचीच्या कोपऱ्याशी कणीएवढा पांढुरका फोड दिसतो. दोन-तीन दिवसांत तो पिवळसर होतो. शेजारी आणखी चार उगवतात, एकमेकांत मिसळतात आणि काही दिवसांत तिथे काळपट तपकिरी, खरबरीत खपली धरते. खपली पापणीवर आली की डोळा मिटतो. डोळा मिटला की पिल्लाला दाणा दिसत नाही, पाणी सापडत नाही, आणि ते पंख पाडून कोपऱ्यात उभे राहते.

मग उपाय सुरू होतात. कोणी हळद लावतो, कोणी खपली नखाने काढून टाकतो, कोणी घरात उरलेली माणसाची कॅप्सूल फोडून पाण्यात घालतो. कोणाला वाटते मोठ्या कोंबडीने टोचले, कोणाला वाटते अंगात उष्णता झाली. जुनी माणसे एका शब्दात सांगतात, ‘देवी आल्या.’ पावसाळ्याच्या शेवटी, पिसे नसलेल्या जागी आलेल्या अशा खपल्यांबाबत त्यांचे निदान बहुतेक वेळा बरोबर असते. पण पिल्लांच्या कातडीवरचा प्रत्येक फोड देवीचा नसतो. पायाच्या तळव्यावरची खपली, शेपटीखालची रक्ताळलेली जखम, बेंबीपाशी आलेली सूज आणि डोळ्याभोवती बसलेला काळा थर या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणे वेगळी आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. म्हणून औषधाची बाटली उघडण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: फोड नेमका कुठे आला आहे, पिल्लू किती दिवसांचे आहे, आणि कळपात एकालाच झाले आहे की अनेकांना. जाणत्या पशुवैद्यकाचे पहिले प्रश्नही हेच असतात.

गावाकडे पाच-पंचवीस कोंबड्यांचा हा पसारा बहुतेक घरांत बाईच्या हाताखाली असतो. अंडी विकून आलेला पैसा तिच्या हातात राहतो. मुलाची वही, दवाखान्याची एखादी चक्कर, अचानक आलेल्या पाहुण्याचे जेवण यातूनच निघते. बारा पिल्लांतली सात गेली तर त्या घराचा हातखर्च गेला. मोठ्या पोल्ट्रीत एक टक्का मर वाढली तरी डॉक्टर येतो. परसात निम्मी पिल्ले गेली तरी ‘या वर्षी लागली नाहीत’ एवढेच म्हटले जाते. त्यातली बरीचशी वाचवता येण्यासारखी होती, हे सांगणारे तिथे कोणी नसते.

आधी देवीचेच पाहू, कारण पिल्लांच्या कातडीच्या आजारांत तिच्याइतका सर्रास दिसणारा दुसरा आजार नाही. हा विषाणूजन्य रोग आहे. माणसातली देवी ज्या विषाणूमुळे होत असे, त्याच कुळातला हा विषाणू, पण शाखा वेगळी. माणसाची देवी जगातून गेल्याचे 1980 मध्ये जाहीर झाले. पक्ष्यांची देवी मात्र आजही जगभर आहे. ती माणसाला होत नाही. सस्तन प्राण्यांच्या पेशींत हा विषाणू वाढूच शकत नाही, म्हणून आजारी पिल्लाला हात लावायला घरातल्या बाईने किंवा मुलाने घाबरण्याचे कारण नाही. एका पिल्लाकडून दुसऱ्या पिल्लाकडे तो आपल्या हातांनी जाऊ नये, यासाठी मात्र हात धुतलेच पाहिजेत.

या विषाणूची एक मर्यादा आहे. धड, अखंड कातडीतून तो आत शिरू शकत नाही. त्याला चीर लागते, ओरखडा लागतो, नाहीतर सुई लागते. ती सुई डास पुरवतो. आजारी पक्ष्याचे रक्त प्यायलेल्या डासाच्या सोंडेला विषाणू चिकटतो. त्यानंतर कित्येक दिवस, काही वेळा काही आठवडे, तो डास ज्या ज्या पक्ष्याला चावेल त्याच्या कातडीत विषाणू टोचत जातो. डासाच्या अंगात तो वाढत नाही, नुसता वाहून नेला जातो. पिसांच्या आवरणातून डासाला चावता येत नाही. तो चावतो तुऱ्यावर, पापणीवर, चोचीच्या कोपऱ्यावर, कानाच्या पाळीवर, पायावर. देवीचे फोड नेमके याच जागी का येतात, याचे उत्तर इथेच मिळते. पावसानंतर डास वाढले की देवी का वाढते, याचेही.

डास आणि पक्ष्यांची देवी मिळून काय करू शकतात, याचे फार दुःखद उदाहरण हवाई बेटांवर आहे. त्या बेटांवर पूर्वी डास नव्हतेच. 1826 च्या सुमारास माउई बेटावरच्या लहाइना बंदरात आलेल्या जहाजातल्या पाण्याच्या पिंपांबरोबर डासांच्या अळ्या आल्या, असे मानले जाते. पुढे डासांनी पसरवलेल्या पक्ष्यांच्या देवीने आणि पक्ष्यांच्या हिवतापाने तिथल्या रानपक्ष्यांच्या कित्येक जाती संपवल्या. जगात दुसरीकडे कुठेही न आढळणारे ते पक्षी होते. हवाईत पोचलेला तो डास म्हणजे क्युलेक्स क्विंकीफॅसिएटस. आपल्या गावांतल्या आणि शहरांतल्या गटारांत, मोऱ्यांत, सेप्टिक टाक्यांत वाढणारा आणि माणसाला हत्तीरोग देणारा डास तोच. पुण्या-मुंबईच्या चाळीमागे आणि कोकणातल्या न्हाणीमागच्या सांडपाण्याजवळ तो रोज संध्याकाळी भेटतो. त्यामुळे खुराड्याशेजारच्या गटाराचा आणि पिल्लाच्या तोंडावरच्या खपलीचा संबंध अगदी थेट आहे.

विषाणू शिरल्यावर चार ते दहा दिवसांत फोड दिसू लागतात. देवी कोरडी आणि ओली अशा दोन प्रकारची असते; कोरड्या प्रकारात हे फोड कातडीवरच राहतात. खपल्या धरतात, दोन ते चार आठवड्यांत आपोआप गळून पडतात आणि खाली गुळगुळीत कातडी दिसू लागते. या प्रकारात मर कमी असते. मरणारी पिल्ले बहुधा विषाणूने मरत नाहीत. डोळे मिटल्यामुळे उपाशी आणि तहानलेली राहून मरतात. हे नीट लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण इथेच घरच्या माणसाच्या हाताला काम आहे.

ओल्या प्रकाराचा धोका फार मोठा आहे. यात तोंडात, जिभेवर, घशात आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी पिवळट, चिकट थर जमतो. पिल्लू मान लांब करून चोच उघडून श्वास घेते, घशातून घरघर येते, गिळता येत नाही. श्वासनलिका बंद झाली तर ते गुदमरते. या प्रकारात निम्म्यापर्यंत पिल्ले दगावू शकतात. बाहेर तोंडावर एकही खपली नसताना आत थर असू शकतो, म्हणून धाप लागलेल्या पिल्लाची चोच उजेडात उघडून पाहावी. तो थर चिमट्याने ओरबाडायचा नाही. खाली रक्ताळलेला व्रण उघडा पडतो आणि रक्त श्वासनलिकेत जाते. थर मऊ करून काढणे हे पशुवैद्यकाचे काम आहे. तोंडातला प्रत्येक पांढरा-पिवळा ठिपका देवीचा असेलच असेही नाही. जीवनसत्त्व ‘अ’ फार कमी पडले तर घशात आणि अन्ननलिकेत बारीक पांढऱ्या पुळ्यांसारखे उंचवटे येतात. बुरशी लागलेल्या धान्यातल्या काही विषांनी चोचीच्या कडेला आणि टाळूवर पिवळट व्रण पडतात. बाजारात न खपलेला, ओल लागलेला मका कोंबड्यांपुढे टाकण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. ती सोडायला हवी.

गळून पडलेल्या खपल्यांकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. वाळलेल्या खपलीत हा विषाणू कित्येक महिने तग धरतो. याच्या जनुकांत एक विशेष जनुक आहे: सूर्याच्या अतिनील किरणांनी डीएनएमध्ये झालेली मोडतोड दुरुस्त करणारे विकर तयार करण्याचे. उघड्यावर, धुळीत पडून राहणाऱ्या विषाणूला याहून उपयोगी शिदोरी दुसरी कोणती असेल? म्हणून पिल्ले बरी झाली की खुराड्यातले तूस, भुसा, गवत सगळे काढून जाळावे किंवा खोल पुरावे. जमीन खरवडून चुना मारावा आणि मगच नवी पिल्ले आत सोडावी. मागच्या वर्षीच्या खपल्या या वर्षीच्या पिल्लांना रोग देऊ शकतात.

आता उपचार. देवीच्या विषाणूला मारणारे औषध कोंबड्यांसाठी उपलब्ध नाही, हे आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. खपल्यांत जिवाणू शिरून पू झाला, तोंड सुजले, तर पशुवैद्यक ती ठरावीक दिवस देतात आणि तेवढे दिवस व नंतरही काही काळ त्या पक्ष्याची अंडी आणि मांस खायचे नाही हेही सांगतात. दुकानातून सुटी पुडी आणून अंदाजाने पाण्यात घालणे मात्र थांबायला हवे. माणसाच्या शेवटच्या आधाराचे औषध असलेले कोलिस्टिन पोल्ट्रीत सर्रास वापरले जात होते. 2019 मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत आणि कोंबड्यांत त्यावर बंदी घातली. ज्या आजारावर प्रतिजैविक चालतच नाही त्यासाठी ते देणे म्हणजे औषधाला दाद न देणारे जिवाणू घरात वाढवणे आहे.

खरा उपचार शुश्रूषेचा आहे आणि तो घरी होतो. आजारी पिल्ले ताबडतोब वेगळी ठेवावी, जाळीने झाकलेल्या पेटीत, जिथे डास जाणार नाहीत. निरोगी पिल्लांना आधी दाणापाणी करावे, आजाऱ्यांकडे शेवटी जावे. लिटरभर पाणी उकळून कोमट करावे, त्यात चहाचा दीड सपाट चमचा मीठ विरघळवावे आणि त्यात भिजवलेला कापूस मिटलेल्या पापणीवर दोन-तीन मिनिटे धरून ठेवावा. चिकटा सुटतो आणि पुष्कळदा डोळा उघडतो. माणसाच्या डोळ्यांचे उरलेले थेंब घालू नयेत. त्यांपैकी अनेकांत स्टेरॉइड असते आणि विषाणूचा आजार त्याने चिघळतो. डोळ्यापासून दूरच्या खपल्यांवर पाण्यात पातळ केलेले पोव्हिडोन आयोडिन कापसाने टिपावे. खोबरेल तेलात कालवलेली हळद किंवा कडुलिंबाच्या पाल्याचा लेप हा परंपरेतला उपाय निरुपयोगी नाही. खपली मऊ राहते, चिरत नाही, माश्या बसत नाहीत आणि जिवाणूंना काही प्रमाणात आळा बसतो. शरीरातला विषाणू त्याने जात नाही, एवढे समजून तो करावा. खपली ओढून काढायची नाही. रक्त येते, विषाणू पसरतो, आणि पापणीवर कायमचा वण राहिला तर डोळा निकामी होतो.

पोटात अन्न जाणे सगळ्यांत महत्त्वाचे. भिजवून मऊ केलेली कणी, कुस्करलेले उकडलेले अंडे, बारीक चिरलेला शेवग्याचा पाला असे खाणे पसरट भांड्यात द्यावे. आंधळ्या झालेल्या पिल्लाची चोच दिवसातून चार-पाच वेळा हलकेच त्यात टेकवावी; चव लागली की ते स्वतः टिपू लागते. पाणी ड्रॉपरने पाजायचे तर चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडावा. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मागे असते; चोच वर करून पाणी ओतले की ते फुप्फुसात जाते. देवीने मेली असे वाटलेली काही पिल्ले प्रत्यक्षात अशा घाईच्या पाणी पाजण्याने मेलेली असतात. आठ-दहा दिवसांची ही चाकरी कंटाळवाणी आहे. पण कोरड्या देवीचे पिल्लू या चाकरीवर उठते, आणि एकदा उठले की त्याच्या अंगी या रोगाची टिकाऊ प्रतिकारशक्ती आलेली असते.

फोडांची जागा बदलली की गोष्ट बदलते. डोळ्यांभोवती आणि तुऱ्यावर खपलीसारखा काळा थर दिसतो, पण जवळून पाहिले तर तो मोहरीहून बारीक, चकाकत्या ठिपक्यांचा बनलेला असतो. या पिसवा आहेत, खपली नाही. कोंबडीच्या या पिसवांची मादी कातडीत तोंड रुतवून तिथेच ठाण मांडते. कुत्र्याच्या पिसवांसारखी उड्या मारत फिरत नाही. एका लहान पिल्लाच्या डोक्यावर शंभरेक पिसवा असू शकतात. त्या रक्त पितात, कातडीला व्रण पाडतात आणि कोवळे पिल्लू रक्तक्षयाने पांढरे पडून मरते. यावर रॉकेल चोपडण्याची चाल अजूनही आहे. रॉकेलने पिल्लाची कातडी भाजते आणि ते अंगात भिनते. त्याऐवजी पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावावा. पिसवा गुदमरतात आणि दुसऱ्या दिवशी बारीक चिमट्याने सुटून येतात. त्यांच्या अळ्या खालच्या मातीत आणि कचऱ्यात वाढत असतात, म्हणून अर्धे काम खुराड्याच्या जमिनीवर करावे लागते. मातीच्या जुन्या भिंतींच्या खुराड्यात आणखी एक शत्रू राहतो, कोंबड्यांचे गोचीड. ते दिवसा भेगांत लपते आणि रात्री रक्त प्यायला निघते, त्यामुळे दिवसा कोंबडी उलथून पालथून पाहिली तरी ते सापडत नाही. त्याची बारीक पिल्ले मात्र काही दिवस पंखाखाली चिकटून राहतात आणि सुटल्यावर तांबडे-निळे डाग मागे ठेवतात. भेगा बुजवून वर चुना फिरवला की निम्मा प्रश्न सुटतो.

जखम शेपटीखाली किंवा पाठीवर असेल, ताजी रक्ताळलेली असेल आणि पिल्ले दोन-चार आठवड्यांची असतील, तर ती बहुतेक टोचण्याची असते. पिल्ले एकमेकांना टोचतात ती दाटी, उकाडा, फार प्रखर उजेड, प्रथिनांची आणि मिठाची कमतरता यांमुळे. एकदा रक्ताचा लाल ठिपका दिसला की सगळा कळप त्याच जागी चोच मारू लागतो आणि तासा-दोन तासांत पिल्लू संपते. जखमी पिल्लू तत्काळ वेगळे करणे हाच पहिला उपचार. जखम मिठाच्या पाण्याने धुवावी, पोव्हिडोन आयोडिन लावावे आणि वरची खपली घट्ट झाल्याशिवाय त्याला परत कळपात सोडू नये. शिवाय बल्ब मंद करावा, जागा वाढवावी, वर पालेभाजीची जुडी टांगावी; चोचींना दुसरे काम मिळते.

अगदी पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांत एक घोटाळा वारंवार होतो. शेपटीखाली विष्ठा वाळून चिकटते, वाट बंद होते आणि पिल्लू तडफडते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती मऊ करून सोडवावी, कोरडी करून थोडे तेल लावावे आणि पिल्लाला उबेत ठेवावे. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी. पण या जागेच्या थोडे पुढे, पोटावर, बेंबी असते. तिथे वाळलेला काळा धागा किंवा बारीक खपली दिसते आणि तीही विष्ठाच समजून ओढली जाते. आतली पिवळ्या बलकाची पिशवी अजून पुरती शोषलेली नसते. धागा ओढला की आतडी बाहेर येतात. बेंबीला हात लावायचा नाही. ती ओली, लाल, सुजलेली असेल, पोट लिबलिबीत लागत असेल आणि वास येत असेल, तर तो जिवाणूंचा संसर्ग आहे. त्यातून फार थोडी पिल्ले वाचतात, म्हणून त्याचा उपाय आधीच करावा लागतो: विष्ठेने माखलेली अंडी उबवायला ठेवायची नाहीत आणि पिल्ले निघण्याआधी टोपलीतले गवत बदलायचे.

पायाच्या तळव्यावर काळी, कडक खपली दिसली तर खालच्या गादीकडे पाहावे. ओल्या तुसात विष्ठेचा अमोनिया तयार होतो आणि तळवे भाजतात. मूठभर तूस दाबून पाहावे. मुठीत त्याचा गोळा झाला तर ते ओले आहे, सुटून पडले तर ठीक. गादी कोरडी असूनही तळवे चिरत असतील, आणि कण्या-कोंड्याशिवाय पिल्लांना दुसरे काही मिळत नसेल, तर ‘ब’ गटातल्या जीवनसत्त्वांची उणीव असू शकते. यात एक बारीक पण उपयोगी फरक आहे. बायोटिन कमी पडले तर आधी तळवे चिरतात आणि मग चोचीचे कोपरे. पँटोथेनिक आम्ल कमी पडले तर आधी चोचीचे कोपरे आणि पापण्या चिकटतात, पाय नंतर. हा दुसरा प्रकार देवीशी सहज गोंधळतो. मात्र त्यात देवीसारख्या उंच, खरबरीत गाठी येत नाहीत आणि तो डासांच्या मोसमाची वाट पाहत नाही. भाताच्या कण्या, भुसा आणि शिळ्या भाकरीवर वाढणाऱ्या पिल्लांना थोडी शेंगदाण्याची पेंड, हिरवा पाला आणि पिल्लांचे तयार खाद्य मिळाले की काही दिवसांत कातडी बदलते.

कातडीचे काही बदल घरच्या उपचाराचे नाहीतच. पिसांखाली काळसर, ओला, दाबल्यावर चरचरणारा पट्टा आणि पाठोपाठ मरतूक, हे जिवाणूंनी मांस सडण्याचे लक्षण आहे. तुरा निळा-काळा पडणे, डोके सुजणे, पायांवर रक्ताचे डाग आणि एका रात्रीत अनेक कोंबड्या मरणे, ही बर्ड फ्लूची लक्षणे असू शकतात; ती दिसताच पक्षी हलवू नयेत, कापू नयेत, विकू नयेत आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे. भारतातली बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरची आहे. त्या वेळी तिथल्या पोल्ट्रीधारकांनी जे सोसले ते महाराष्ट्र विसरलेला नाही.

निदानाला शंका असेल तर खपलीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. पुण्याला औंधमध्ये पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. देवीच्या खपलीतल्या पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली मोठे, ठळक कण दिसतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो बोलिंगर यांनी ते 1873 मध्ये वर्णिले. विषाणू ही कल्पनासुद्धा तेव्हा नव्हती. पुढे अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात अर्नेस्ट गुडपाश्चर, अ‍ॅलिस वुड्रफ आणि त्यांचे पती यूजीन वुड्रफ यांनी कोंबड्यांच्या याच देवीवर काम केले. विषाणू जिवंत पेशीतच वाढतो, त्यामुळे अभ्यासासाठी दर वेळी जिवंत जनावर लागे. 1931 मध्ये या गटाने उबवणीतल्या अंड्याच्या कवचाला बारीक खिडकी पाडली आणि आतल्या पातळ आवरणावर देवीचा विषाणू वाढवून दाखवला. अंडे स्वस्त, आतून निर्जंतुक आणि हवे तितके मिळणारे. या एका युक्तीने लशींचे जग बदलले. पीतज्वराची लस, इन्फ्लुएन्झाची लस या अंड्यांतूनच आल्या. स्वाइन फ्लूच्या साथीनंतर 2010 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची जी लस आणली, तीही अंड्यांत वाढवलेली होती. परसातल्या पिल्लाच्या तोंडावरच्या फोडाचे हे ऋण माणसाच्या आरोग्यावर आहे, आणि त्याची आठवण फार थोड्यांना असते.

खुद्द कोंबड्यांसाठीही चांगली लस आहे. आपल्याकडे ती साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात देतात. डासांचा उपद्रव फार असेल तिथे पशुवैद्यक सौम्य लस त्याआधीही सुचवतात आणि पुढे दुसरी मात्रा देतात. ही लस नाकाडोळ्यांत घालायची नसते. दोन टोकांची सुई लशीत बुडवून पंखाच्या सांध्यातल्या पातळ पडद्यातून आरपार टोचतात. शीर, हाड आणि पिसे चुकवायची. टोचल्यावर सात ते दहा दिवसांनी पंख उलगडून पाहायचे. तिथे बारीक गाठ किंवा खपली आलेली असली तर लस लागली. काहीच नसले तर लस उन्हात बिघडलेली होती, सुई पिसांना पुसली गेली, किंवा पक्ष्याला आधीच प्रतिकारशक्ती होती. दहा मिनिटांची ही तपासणी बहुतेक ठिकाणी होतच नाही. दुसरा गैरसमज याहून पसरलेला आहे. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस पिल्लाच्या डोळ्यांत घातली की ‘पिल्लांना लस झाली’ असे घरात धरले जाते. त्या लशीने देवी थांबत नाही. दोन रोग, दोन विषाणू, दोन वेगळ्या लशी.

साथ सुरू झाल्यावर लस देऊन उपयोग आहे का, हा प्रश्न दर वर्षी सप्टेंबरात विचारला जातो. कळपातली मोजकीच पिल्ले आजारी असतील तर उरलेल्या निरोगी पिल्लांना लगेच लस द्यावी. दहा ते चौदा दिवसांत संरक्षण येते आणि पसरणे थांबू शकते. आजारी पिल्लांना ती देऊ नये. लशीत जिवंत विषाणू असतो, म्हणून कळपातल्या सगळ्या निरोगी पक्ष्यांना एकाच दिवशी टोचावे लागते, आणि रिकामी कुपी जाळून किंवा उकळून मगच टाकावी लागते. मधल्या काळात डासांचा बंदोबस्त करायचा तो पाण्याचा. फुटका टायर, करवंटी, सांडलेल्या पाण्याचा खड्डा, उघडे पिंप यांतले पाणी दर आठवड्याला ओतून दिले की अळ्या डास होण्याआधीच मरतात. रात्री डालग्यावर जुनी मच्छरदाणी टाकावी. बंद खुराड्यात कडुलिंबाचा धूर करणे टाळावे. पक्ष्याची श्वसनसंस्था फार नाजूक असते आणि ओल्या देवीच्या पिल्लाला तो धूर जीवघेणा ठरतो.

खरी अडचण कुपीच्या आकाराची आहे. देवीच्या लशीची कुपी शेकडो मात्रांची येते, थंड साखळीत दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, आणि एकदा विरघळवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. बारा पिल्लांसाठी ती कोण आणणार? म्हणून हे काम एकट्या घराचे राहू शकत नाही. वाडीतल्या पंधरा-वीस घरांनी, किंवा महिला बचत गटाने, खुडूक कोंबड्या साधारण एकाच पंधरवड्यात बसवल्या तर पिल्लांची वये जुळतात. मग दवाखान्याला आधी कळवून, बर्फाच्या डब्यात एकच कुपी आणून, पहाटे कोंबड्या बाहेर सोडण्याआधी घरोघरी फिरून टोचणी उरकता येते. जूनमध्ये निघालेल्या पिल्लांची पाळी त्या हिशेबाने ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात येते. संरक्षण यायला लागणारे दोन आठवडे धरले, तरी डासांचा कडक मोसम सुरू होण्याआधी ती तयार असतात.